गाईचं रगात आणि धुरपदाबाई

येरमाळ्याच्या धुरपदाबाईंचा जन्म गुरांत गेला. नवऱ्यामागं दोन जर्सी गाईंच्या जोरावर त्यांनी तीन पोरी उजवल्या. गाईच्या कानाला हात लावून त्या ताप किती ते सांगायच्या. डॉक्टरांचा थर्मामीटर सहसा त्यांच्याच बाजूनं कौल द्यायचा.

मागच्या ज्येष्ठात थोरल्या गाईनं, चांदीनं, वैरण सोडली. अंग तापलेलं, खांद्यापुढं गाठ, दूध निम्म्यावर. गुरांचे डॉक्टर नंदीश यांनी रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

"मावशी, जंतू काही दिसत नाही."

"दिसत न्हाय म्हंजी न्हाईच, असं कुठं असतंय? म्या मूठभर गोचिडं काढलीत तिच्या अंगावरनं."

डॉक्टर हसले. गोचिडातून रक्तात शिरलेला जंतू थोडका असला तर काचेवर सापडत नाही, त्याला पीसीआर तपासणीच हवी, हे त्यांनाही पटत होतं. पण नमुना थंड ठेवून धाराशिवच्या प्रयोगशाळेत न्यायचा, आणि दवाखान्याचा शिपाई रजेवर.

"द्या इकडं," धुरपदाबाई म्हणाल्या.

बर्फाचा डबा मांडीवर घेऊन त्या एसटीत बसल्या. कंडक्टरनं विचारलं, "आजी, डब्यात पेढे का?"

"गाईचं रगात."

शेजारचा माणूस गुपचूप उठून मागं गेला. धुरपदाबाई ऐसपैस बसल्या.

प्रयोगशाळेत महेश्वरी नावाच्या मुलीनं नळी घेतली, तरी बाई हलेनात. मशीन करतंय काय, हे त्यांना कळायला हवं होतं.

"जंतूचा बारीकसा अंश असला तरी मशीन त्याच्या नकला काढतं," महेश्वरी म्हणाली. "एकाचे दोन, दोनाचे चार. लाखो झाले की ओळखू येतो."

"विरजणच की मग. चमचाभर दह्यानं घागरभर दूध विरजतंय."

महेश्वरी बघतच राहिली. कॉलेजात तिला हेच समजायला अख्खं सत्र लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी फोन आला: थायलेरियाच, गोचिडातून येणारा तोच जंतू. नेमकं इंजेक्शन मिळालं आणि चौथ्या दिवशी चांदीनं कडब्याला तोंड लावलं. धुरपदाबाईंनी हट्टानं धाकट्या गाईचंही रक्त पाठवलं. ती दिसायला धडधाकट, पण तिच्यातही थोडा जंतू निघाला. मग गोचिडं लपतात म्हणून गोठ्याच्या भिंतीच्या भेगासुद्धा लिंपल्या गेल्या.

आता गावात कुणाची गाय लंगडली तरी त्या पीसीआर करायला सांगतात. मोडक्या पायाला ती तपासणी लागत नाही, असं डॉक्टरांनी दोनदा समजावलंय. त्या शांतपणे ऐकून घेतात.