युसूफने न पाहिलेली शर्यत

युसूफ गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुबईत, देऱ्याच्या ऑफिसात होतो. हातातलं काम तसंच टाकून शारजाला, अल मजाजच्या त्याच्या घरी पोहोचलो. आता महिना होत आला, तरी ते घर डोळ्यांपुढून हलत नाही. रत्नागिरीचा हा माझा मित्र पंचवीस वर्षं दुबईत शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यात होता. बायकोपेक्षा घोड्यांवर जीव जास्त, असं भाबीच म्हणायची. सगळे रडत होते, फक्त त्याची मुलगी सना गप्प होती, रागावल्यासारखी. शेवटी म्हणाली, "अंकल, अब्बा नेव्हर सॉ मी रन. ऊद मेथाच्या स्कूलमध्ये सहा वर्षं धावले. रेस सुरू झाली की हे पाणी आणायला गायब! घोड्यांच्या रेससाठी मात्र इटलीपर्यंत गेले."

मला राहवलं नाही, तिला सगळं सांगून टाकलं. इटलीला आम्ही दोघंच गेलो होतो. सिएना गावात भर चौकात मोहल्ल्यामोहल्ल्यांच्या घोड्यांची शर्यत लागते, बिनखोगिराची, मध्ययुगापासून चालत आलेली. युसूफने तिचा ध्यासच घेतला होता. दुपारी एका मोहल्ल्याने आपला घोडा आशीर्वादासाठी थेट चर्चमध्ये नेला, तर हा पठ्ठ्या घळाघळा रडला. "बघ हबीबी, जनावराची काय इज्जत करतात!" मग तीन तास उन्हात उभं राहून माझे पाय बोलायला लागले. घोड्यांपुढे ताणलेला दोर पडला, घोडे सुटले... आणि युसूफने डोळे गच्च मिटून घेतले. माझा हात असा आवळला की बोटं दुखली. वळणावर दोन घोडे घसरले, गर्दी ओरडली. "उठले काय? दोन्ही उठले काय?" एवढंच तो विचारत राहिला. उठले, म्हटल्यावर डोळे उघडले, तोवर सगळं खलास. कोण जिंकलं, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. परत आल्यावर मात्र वर्षभर ती शर्यत तिखटमीठ लावून सगळ्यांना सांगितली, आणि मी समोर बसून माना डोलावल्या. असा लबाड, असा हळवा मित्र मला पुन्हा मिळायचा नाही.

सना हळूच म्हणाली, "रेस संपली की कुठून तरी धावत यायचे. आधी खाली बसून माझे गुडघे चाचपायचे, घोटे बघायचे. मेडलचं नंतर. फ्रेंड्स हसायच्या, म्हणून मी त्यांचा हात झटकायचे, अंकल."

आणि मग ती रडली.