ज्याचा टॅग त्यानंच काढावा

कुठलीही गोष्ट सुरू करण्याआधी ती रीतसर बंद करता आली पाहिजे, असं मनापासून मानणारा माणूस अवघ्या पृथ्वीतलावर एकच आहे आणि तो नेमका माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. बाबांची सारी नोकरी भिलाईच्या स्टील प्लांटात, मेंटेनन्समध्ये गेली. तिथला नियम असा, की मशीनला हात लावण्याआधी ती बंद करायची, तिच्यावर लाल टॅग लटकवायचा आणि ज्याने टॅग लावला त्यानेच काम संपवून तो काढायचा. दुसऱ्या कोणी काढून मशीन चालू केली, तर आत हात घातलेल्या माणसाचा जीव जायचा. नियम सोन्यासारखा आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की रिटायर झाल्यावर बाबांनी घरी पत्र्याचे तुकडे कापले, त्यांना लाल रंग दिला आणि आमच्या स्मृतिनगरच्या घरालाच प्लांट करून टाकलं.

मिक्सरवर टॅग, नळावर टॅग. एकदा भर मे महिन्यात पंख्याच्या बटणावर टॅग लावून ते कंडेन्सर आणायला कॅम्प-१च्या बाजारात गेले. तिथे जुने सोबती भेटले, चहा झाला, प्लांटाच्या गोष्टी निघाल्या. इकडे आम्ही घामाने निथळत होतो. टॅग लागण्याआधी पंखा हळूहळू का होईना, फिरत होता, म्हणून मी सासूबाईंना विचारलं, "आई, तेवढ्यापुरता लावू का?" त्या पदराने वारा घेत म्हणाल्या, "नाई बापा! त्यायचा टॅग आहे, तेच काढतीन." दुर्गला लग्नाला निघालो तरी बाबा आम्हाला अंगणात ओळीने उभं करून सुरक्षेच्या सूचना देत. पायात बूट हवेतच, ही त्यातली पहिली. शालूवर बूट घालून मी एका लग्नात मिरवून आले आहे आणि त्याचे फोटो अजून नातेवाइकांकडे आहेत.

अशा या माणसाने बायकोला पहाड दाखवायचं वचन दिलं होतं, तेही स्वतःच्या गाडीतून. पण दर उन्हाळ्यात प्लांटात कुठलं तरी मोठं रिपेअर निघायचं आणि बाबांची सुटी वाहून जायची. त्यामुळे सासूबाईंनी डोंगर म्हणून पाहिलेली एकच गोष्ट, प्लांटामागचा स्लॅगचा, म्हणजे भट्टीतल्या मळीचा ढीग. यंदा बाबांनी अमरकंटक जाहीर केलं तेव्हा माझ्या नवऱ्याने अट घातली. गाडी म्हातारी आणि चालवणारा तिच्याहून म्हातारा, ही त्याची काळजी. "बाबा, तुम्हीच चालवा. पण तुमच्याकडून एक भी गलती झाली न, तर चाबी मले द्याची अन् गाडी विकाची. मंजूर?" बाबा मंजूर म्हणाले खरे, पण त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला नाही, म्हणजे बोलणं जिव्हारी लागलं होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बॉनेट उघडून बाबांची खुडबूड चालली होती आणि स्टीअरिंगवर अर्थातच टॅग होता. सकाळी गॅस, पाणी, मेन स्विच बंद करून घराला रीतसर शटडाऊन दिलं आणि आम्ही निघालो. कवर्ध्यापर्यंत गाडी अशी पळाली की नवरासुद्धा काळजी विसरला. मग चढण लागली. दोन्ही बाजूंना हिरवंगार सालाचं जंगल, आणि सासूबाई काचेला नाक लावून "अगं माय, अगं माय" करत होत्या. एवढ्यात इंजिनाच्या तापमानाची सुई लाल रेघेवर गेली आणि बॉनेटमधून वाफ निघू लागली.

बाबांनी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं आणि पुतळ्यासारखे उभे राहिले. रेडिएटरच्या पंख्याची वायर सुटी लोंबत होती. सपाट रस्त्यावर नुसत्या वाऱ्याने इंजिन थंड राहिलं, पण घाटात तो पंखा लागतोच. "काल मीच खोलली, साफ कराले," बाबा पुटपुटले. "जोडाची राहून गेली. टॅग काढला अन् काम विसरलो." त्यांचा असा चेहरा मी कधीच पाहिला नव्हता. त्यांनी किल्ली मुलापुढे धरली. "घे. विकून टाक."  एक जीपवाला थांबून वर सोडतो म्हणाला. सासूबाई दगडावर फतकल मारून बसल्या, "मी याच गाडीत जाईन, नाई तर इथूनच घरी."

नवऱ्याने किल्ली घेतली नाही. त्याने सीटखालून लाल टॅग बाहेर काढला. "बाबा, तुम्ही नाही विसरले. सकाळी टॅग मी काढला. सामान भराले गाडी पुढं घ्याची होती. मैंने सोचा, तुमची रोजचीच आदत आहे." टॅग दिसला नाही, म्हणजे काम आपण संपवलंच असणार, असं बाबांनी धरलं होतं. आमच्या घरात त्यांचा टॅग दुसरं कोणी काढेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं.

आता आभाळ कोसळणार म्हणून मी डोळे मिटले. पण बाबा इतक्या जोरात हसले की झाडावरची माकडं पळाली. सासूबाईंकडे वळून ते म्हणाले, "ऐकलं काय वो? मी विसरलो नाही! मी नाही विसरलो!" मग त्यांनी मुलाला टॅग स्टीअरिंगवर परत लावायला लावला, वायर जोडली, इंजिन निवल्यावर पाणी भरलं, "सगळे बाजूले?" असं विचारलं आणि स्वतःच्या हाताने टॅग काढला. वरपर्यंत प्रत्येक वळणावर त्यांनी असा हॉर्न वाजवला, जणू वरात चालली होती. माथ्यावर गार वाऱ्यात उभं राहून, हा पहाड आपणच बांधल्यासारखे ते म्हणाले, "म्हणलं होतं न दाखवीन?" सासूबाई लाजून हसल्या. "म्हणलं होतं खरं."

नर्मदेच्या उगमाचं दर्शन झालं. परतताना बाबांनी आपणहून किल्ली मुलाच्या हातावर ठेवली. "बाबा, पण शर्त तर तुम्ही जिंकले न!" तो म्हणाला. "म्हणूनच तर देऊन राहिलो. बिघडलेल्या मशीनचा चार्ज कोणी देत नाही. आता सब ओके आहे." आणि ते मागे सासूबाईंशेजारी जाऊन बसले. चढताना त्यांची नजर सुईवर होती. दरी त्यांनी उतरतानाच पाहिली. दोघं एकाच खिडकीतून पाहत होते.

परवाच्या रविवारी गाडीचं बॉनेट उघडं होतं. नवरा कसलासा पार्ट आणायला सेक्टर ६ला गेला होता आणि जाताना त्याने स्टीअरिंगवर लाल टॅग लावला होता. बाबा हात मागे बांधून गाडीभोवती घिरट्या घालत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "बाबा, तुम्हीच करून टाका ना, तुमच्या हातचं तर काम आहे."

त्यांनी मान हलवली. "नाही सूनबाई. त्याचा टॅग आहे, तोच काढन."

आणि गाडीशेजारी खुर्ची टाकून ते मुलाची वाट पाहत बसले.