आमच्या चुलीचा शिनिमा

मी आठवड्यातले साडेपाच दिवस शिक्षक असतो आणि दीड दिवस शेतकरी.

शिक्षक मी खरा आहे. त्याचे कागद आहेत. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला, आणि ते प्रमाणपत्र आईनं चौकट करून देवघराच्या वर लावलं आहे (त्यामुळे रोज सकाळी उदबत्तीचा थोडा धूर मलाही मिळतो). शेतकरी मात्र मी शनिवारी दुपारी होतो, कारण तेव्हा पाहुणे येतात. आमचं गाव मावळात, बेडशाच्या लेण्यांच्या पुढे पवना धरणाच्या बाजूला. सुट्टीला मुंबई-ठाण्याची माणसं इकडे लोटतात, म्हणून माझ्या थोरल्या भावानं, दादानं, घरामागे चार खोल्या काढल्या आणि फाट्यावर पाटी लावली: 'शंभर टक्के चुलीवरचं जेवण. खरा शेतकरी स्वतः शेत दाखवेल.' पाटीवरचं अक्षर माझं.

आता खरा शेतकरी म्हणजे दादा. मी शिकावं म्हणून त्यानं नववीत शाळा सोडली आणि औत धरलं. हे मी एक दिवसही विसरलेलो नाही. पण पाहुण्यांसमोर उभं केलं की त्याची वाचाच बसते.

"मला न्हाई जमायचं," तो म्हणाला. "तू शिकल्याला हाईस. तू बोल."

"अरे दादा, पण मला भातातलं काय कळतं? तुम्ही लोकांनी मला कधी चिखलात उतरू दिलंत का?"

"त्येला कळाय कशाला लागतं? धोतर नेस आन् बोल!"

थोरल्या भावाचे उपकार कसे फेडायचे, हा प्रश्न मला बरीच वर्षं होता. धोतर नेसून फेडायचे, हे तेव्हा कळलं.

दादाची मुलगी मुक्ता सातवीत, माझ्याच वर्गात. घरी ही पोर चुरूचुरू बोलायची आणि वर्गात शिरली की तोंडाला कुलूप! चूक माझीच होती. पुतणी म्हणून सवलत देतो असं कुणी म्हणू नये, यासाठी पाचवीत मी तिला धडा वाचताना ओळीओळीला थांबवायचो. एक दिवस तिनं पुस्तक मिटलं, ते मिटलंच. त्यानंतर दोन वर्षं वर्गात तिच्या तोंडून एकच शब्द निघाला: "हजर." येत्या जूनमध्ये ती वडगावच्या हायस्कूलला जाणार. तिथं साठ पोरांत ही अशीच मुकी बसली तर? या विचारानं मला जेवण जात नसे (चुलीवरचं असो नाहीतर कसलंही).

अशात मी एका प्रशिक्षणाला गेलो आणि 'डिजिटल गोष्ट' शिकून आलो. मुलानं मोबाइलवर स्वतः फोटो काढायचे, त्यावर स्वतःचा आवाज चढवायचा, आणि तीन मिनिटांत आपली गोष्ट सांगायची. मी तर झपाटूनच गेलो! दुसऱ्या दिवशी फळ्यावर तीन नियम लिहिले. पहिला, स्वतः पाहिलेलंच सांगायचं. दुसरा, घरी बोलता तसं बोलायचं. तिसरा, सर मध्ये थांबवणार नाहीत. तिसरा नियम कुणासाठी होता हे मला माहीत होतं. मुक्तालाही कळलं असावं, कारण संध्याकाळी ती घरी माझ्याजवळ आली.

"काका, कशावर बी चालंल?"

"कशावरही!"

"घरातलं सांगितलं तर?"

"खरं असलं की सगळं चालेल!" मी इतक्या जोरात म्हणालो की गोठ्यातली म्हैस दचकली.

पंधरा दिवस मुक्ता वहिनीचा मोबाइल घेऊन घरभर फिरत होती. आवाज भरण्यासाठी आम्ही शाळेची सामानाची खोली निवडली आणि खिडकीला गोधड्या टांगल्या. मुक्ता दारात अडून उभी राहिली. "तुमी भाईर थांबा." मी बाहेर थांबलो. नंतर आवाज नीट आलाय ना एवढंच बघायला पहिली काही सेकंदं ऐकली. 'ही आमची चूल. आमची चूल लय जुनी हाये...' दोन वर्षांनी शाळेच्या कामात त्या पोरीचं आख्खं वाक्य ऐकलं! माझे डोळे भरून आले. डोळे पुसण्याच्या नादात पुढचं ऐकायचं राहिलं.

शनिवारी चार वाजता शाळेच्या सभागृहात पालकांसाठी कार्यक्रम ठेवला. त्याआधी दोन ते साडेतीन मी ठाण्याच्या सहा पाहुण्यांना धोतरात शेत दाखवलं, घरी पळालो, पॅन्ट चढवली आणि शाळेत येऊन पडदा लावला. पहिली गोष्ट एकाच्या म्हशीची, दुसरी उर्से टोलनाक्यावर कामाला जाणाऱ्या आईची. लोक खूश! तेवढ्यात दारात दादा दिसला. त्याच्यामागे सहाच्या सहा पाहुणे!

"म्हणलं, गावात पोरांचा शिनिमा हाये, आपली मुक्ती बी हाये त्यात," दादा अभिमानानं म्हणाला. "मॅडम म्हणल्या, चला की!"

पाहुण्यांतल्या या मॅडम पहिल्या रांगेत बसल्या आणि माझ्याकडे टक लावून बघू लागल्या.

"मघाशी शेतात... तुम्हीच ना?"

"तो माझा भाऊ," मी म्हणालो.

"अगदी तुमच्यासारखे दिसतात हो! जुळे का?"

"थोडेसे," मी म्हणालो. (शिक्षकानं खोटं बोलू नये. बोललाच तर सरावानं बोलावं.)

आणि मुक्ताची गोष्ट सुरू झाली.

"ही आमची चूल. आमची चूल लय जुनी हाये. ती फकस्त शनवार-आयतवारी पेटती. सोमवारपास्नं तिच्यात मांजर झोपती."

पडद्यावर चूल, आणि चुलीत आमचं मांजर, चांगलं ऐसपैस! सभागृहात हशा पिकला. पुढचा फोटो मागच्या खोलीचा: गॅसची शेगडी, दोन सिलिंडर, आणि गाऊन घातलेली माझी आई.

"आज्जी सैपाक हितं करती. पाव्हण्यांच्या गाडीचा हारन वाजला का गाऊनवरच लुगडं गुंडाळती आन् भगुनी उचलून चुलीवर ठिवती. मंग फुकणीनं धूर करती. धूर पायजेच. त्याबिगर पाव्हण्यांला चव लागत न्हाई."

"आगं बया!" बायकांच्या रांगेतून आई ओरडली. "माझा गाऊनातला फटू!"

"आमचा कोंबडा आरवत न्हाई," मुक्ताचा आवाज शांतपणे पुढे निघाला. "पप्पा सकाळी सा वाजता मोबाइलवर लावत्यात."

दादा ताडकन उठला. "सर, बंद करा त्ये!" (जन्मात पहिल्यांदा तो मला सर म्हणाला, आणि तेही असल्या वेळी!) "आरं, बंद कर! धंदा बुडतोय!"

मी लॅपटॉपकडे धावलो. बोट कळीवर ठेवलं. तेवढ्यात पडद्याशेजारी उभी असलेली मुक्ता दिसली. मान ताठ, डोळे पडद्यावर, आणि आपल्याच आवाजाबरोबर शब्दन् शब्द ओठ हलत होते. हिला आत्ता थांबवलं, तर ही पुन्हा बोलेल का? एकदा थांबवून बघितलं होतं की मी! दादाकडे पाहिलं. तोही तिच्याकडेच बघत होता. मी हात मागे घेतला.

पुढचा फोटो ठाऊक असता तर मी शाळेचा मेन स्विच पाडला असता.

पडद्यावर धोतर नेसून बांधावर उभा मी! एक हात ऐटीत शेताकडे, आणि दुसऱ्या हाताचा तळवा भिंतीएवढा मोठा करून दाखवलेला. त्यावर निळ्या पेनानं लिहिलेलं: 'रोप. चिखलणी. लावणी. कापणी.'

"ह्ये माझे काका. शाळंत सर असत्यात, शेतात शेतकरी असत्यात. शेतकी हातावर लिवून आणत्यात. आमी परीक्षेत आसं केलं तर वर्गाभाईर काढत्यात."

मॅडमनी वळून माझ्याकडे पाहिलं. जुळा भाऊ त्याच क्षणी वारला.

त्यापुढे मी गुडघाभर चिखलात रुतलेला आणि दादा मला काखेत धरून उपसतोय, असा फोटो. लोक खुर्चीतून खाली यायचे बाकी होते. पण मुक्ताचा आवाज जरा हळू झाला.

"काकांला चिखलात चालता येत न्हाई, कारन आज्ज्यानं त्यांला कवाच उतरू दिलं न्हाई. पप्पांनी शाळा सोडली, म्हून काकांनी शाळा केली. पप्पांला समदं येतं पर बोलता येत न्हाई. काकांला बोलता येतं पर शेतातलं काय येत न्हाई. मला दोनी येतंय. पर मला कोन इचारतच न्हाई. संपली गोष्ट."

हसू थांबलं. दादा खाली बसला. मी पडद्यामागची दोरी उगीचच सोडून पुन्हा बांधली.

मॅडम उठल्या. झालं, मी म्हटलं, आता पैसे परत मागणार!

"मुक्ता, बाळा," त्या म्हणाल्या, "मी विचारते. इंद्रायणी तांदळाला वास कशामुळे येतो? मघाशी तुझे काका म्हणाले, मातीमुळे."

मुक्तानं आधी माझ्याकडे पाहिलं. मी तोंडावर हात ठेवला.

"शेजारच्या खाचराची माती बी तीच हाये की!" ती म्हणाली. "तितं दुसरं भात हाये, त्याला कुटं वास येतो? त्यो बियाचा गुन हाये."

एकदा कुलूप निघालं, मग काय! बी कसं राखायचं, रोप कधी उपटायचं, खेकडे बांध कसा फोडतात... पंधरा मिनिटं ती बोलत होती. मी एकदाही थांबवलं नाही (थांबवलं असतं तरी कुणी ऐकलं नसतं). दादा शेजारच्या माणसाला कोपरानं ढोसून सांगत होता, "माझी हाये. बघा, कशी बोलती!"

त्या संध्याकाळी पाहुणे मागच्या खोलीत गॅसभोवती गोल करून बसले. आईनं गाऊनवरच पिठलं केलं, आणि मॅडम म्हणाल्या की धुराशिवाय डोळे उघडे ठेवून जेवता येतं, हे जास्त बरं. दादानं मला फाट्यावर पाठवून पाटीवरचं 'शंभर टक्के' खोडायला लावलं. 'खरा शेतकरी' खोडायचं मला सांगावं लागलं नाही.

पुढच्या शनिवारपासून शेत मुक्ता दाखवते. पुढे ती आणि तिच्या शब्दांवर मान डोलावणारा दादा, मध्ये पाहुणे, आणि सगळ्यांत मागे पाण्याच्या बाटल्यांची पिशवी घेऊन मी. परवा एका आजोबांनी माझ्याकडे बोट करून तिला विचारलं, "आणि हे गृहस्थ कोण?"

"ह्ये माझे काका," मुक्ता म्हणाली. मग आवाज खाली आणून, घरातलं दुखणं सांगावं तसं, "लय शिकल्यात."

"अरेरे," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी मला बसायला आपली घडीची खुर्ची दिली.