लागली ती गाडी

त्या गुरुवारी मी परंड्याच्या स्टँडवर सिस्टरची वाट बघत बसले होते आणि सिस्टर आल्या नाहीत. आमच्या गल्लीतल्या महादेवी सिस्टर उशीर करणाऱ्यांतल्या नव्हेतच. बार्शीची गाडी लागली, सुटली. कुर्डुवाडीची लागली, सुटली... आणि फोन वाजला. त्यांचा मुलगा होता. "बाई, आई गेली. पहाटं, झोपंतच. तुम्ही स्टँडवर बसला असताल म्हणून पयला फोन तुम्हालाच लावला." नातेवाइकांच्याही आधी मला! मी तिथंच बाकावर बसून रडले, पण त्या रडण्यात थोडा तोरासुद्धा होता, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

सिस्टर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. मागंपुढं दोघीही निवृत्त झालो. निवृत्तीनंतर मी घराचीच शाळा केली. नमाज, चहा, भाजी निवडणं, पेपर, जेवण, सगळं तासाला बांधलेलं. आमचे हे म्हणायचे, "आता दारात घंटा तेवढी टांगायची राहिली." सगळं वेळेवर व्हायचं आणि मन मात्र कशातच लागायचं नाही. दुपार झाली की घड्याळाकडं बघत बसायचं. हळूहळू बाहेर पडणं सुटलं, बोलणं कमी झालं, जेवण जाईना. बायको अंथरूण धरते की काय, या धास्तीनं ह्यांनी सिस्टरना बोलावलं. त्यांनी बीपी बघितला, जीभ बघितली, आणि यंत्र पिशवीत घालत म्हणाल्या, "रोग न्हाय तुम्हाला. रोज त्योच धडा शिकिवताय सोताला, पोरगं कटाळणार न्हाय तर काय? गुरुवारी सकाळी स्टँडवर या."

"कुठं जायचंय?"

"लागली ती गाडी."

"अहो, मला गाडी लागते."

"मग तर बरंच की. ती फलाटाला लागंल, तुम्हाला बी लागंल. लिंबू म्या आणते."

नियम एकच होता. आपण पोचू तेव्हा जी गाडी उभी असेल तिच्यात चढायचं आणि पाटी वाचायची नाही. जन्मभर पोरांना 'वाचा, वाचा' म्हणून ओरडलेली मी, पाटीसमोरून मान खाली घालून चढले. कंडक्टरनं विचारलं, "कुठलं देऊ, मावशी?" सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "तुमची गाडी जाईल तिथलं." त्यानं आधी त्यांच्याकडं, मग माझ्याकडं पाहिलं. या दोघींना घरातून कुणी सोडलं, असंच त्याच्या तोंडावर होतं. पुढं पुढं ते सगळे आम्हाला ओळखायला लागले. आमच्यासमोर गावाचं नाव न घेता नुसतं तिकीट हातात ठेवायचे, आणि ते तिकीट न वाचता, उतरेपर्यंत घडी घालून मुठीत ठेवायची गंमत वेगळीच!

काय काय बघितलं आम्ही! एकदा लांबची गाडी लागली आणि तुळजापूर मागं टाकून थेट तामलवाडीत उतरलो. तिथं एका चहावाल्या आजींशी सिस्टरनी कानडी सुरू केलं. सिस्टरचं माहेर सीमेकडचं. बोलता बोलता आजींच्या सुनेचं नातं स्वतःच्या मावशीपर्यंत नेऊन भिडवलं, आणि आम्ही जेवूनच निघालो. एकदा भूमवरून पुढं ईटला पोचलो. तिथं खव्याची भट्टी पेटलेली. सिस्टरनी पदर खोचला आणि भट्टीवालीच्या हातातलं उलथनं मागून घेतलं. दवाखान्यातली शिस्त, हात कसा एका लयीत चाललेला! थोड्या वेळानं जळका वास सुटला. भट्टीवाली धावत आली. "अवं, हात चालू ठिवा म्हनलं, एकाच जागी ठिवा न्हाय म्हनलं. खाली लागलं की समदं!" सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना धूर लागून खोकला आला. परतताना गाडीत म्हणाल्या, "बाई, तुमचं ह्येच झालं हुतं. खाली लागलं हुतं."

मला त्या गुरुवारांचा असा नाद लागला की एकदा मीच म्हणाले, "रोज जाऊ या." त्या सरळ नाही म्हणाल्या. बाकीचे सहा दिवस त्यांचे पक्के ठरलेले असत. पहाटे उठणं, पूजा, गल्लीतल्या म्हाताऱ्यांचे बीपी, दुपारी ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी. "रोज पोळ्या लाटल्या तर सणाला काय करताल?" त्यांनी विचारलं. गंमत अशी की गुरुवारामुळं मला माझा शुक्रवारचा पेपरसुद्धा गोड लागायला लागला. मी जेवायला लागले, भांडायला लागले. ह्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

सिस्टर गेल्यावर गुरुवारही बुधवारासारखाच झाला. मी पुन्हा घड्याळाकडं बघत बसले. जेवण पुन्हा जाईना. माझं ताट उचलताना ह्यांचा चेहरा मला दिसायचा. आणि परवाच्या गुरुवारी हे माझी पिशवी घेऊन समोर उभे राहिले. "आज शाळेला सुट्टी आहे," म्हणाले. पिशवीत ह्यांनी लिंबू टाकलं होतं... मी चपला घातल्या.

एक गाडी उभी होती. मान खाली घालून चढले. खिडकीशी बसले आणि सवयीनं शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली. गाडी भरली. सुटता सुटता एक बाई धापा टाकत आली, पिशवीकडं बघून म्हणाली, "कुणी येनार हाय का हितं?"

माझा हात पिशवीवर गेला. ती उभीच होती, गाडी हलली होती.

"नाही," मी म्हणाले. "बसा." आणि पिशवी मांडीवर घेतली.

ती टेकली, पदरानं घाम पुसला. "कुठं निघालाव?"

"माहीत नाही."

तिनं मला नीट न्याहाळलं. "पाटी वाचाया येत न्हाय व्हय?"

"येते. पण वाचायची नाही, असं आमचं ठरलंय."

ती माझ्याकडं सरकून हळूच म्हणाली, "मग म्या बी सांगत न्हाय," आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली.