निळ्या पेटीतलं मीठ

यवतमाळच्या स्टँडवर चहावाल्यानं विचारलं, "कुठं चालल्या बाई?"

दारव्ह्याकडच्या एका बंजारा तांड्यावर, असं मी सांगितलं.

"तिथं काय पाहाले हाय?"

मंदीच्या दिवसांत गावाकडची आरोग्यसेवा कशी तग धरते ते बघून या, असं पुण्याच्या एका मासिकानं सांगितलं होतं. आरोग्यसेवा काही धबधबा नाही की समोर उभं राहून बघावी. मी आपली "पाहुणी म्हणून" असं पुटपुटले आणि बसमध्ये चढले.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी कापूस फुटला होता, पण वेचणाऱ्या बायका फारशा दिसत नव्हत्या. शेजारच्या गृहस्थांनी न विचारताच कारण सांगितलं. सोयाबीन पाण्यात सडलं, कापसाला भाव नाही, जिनिंगला कुलूप. "मंग मानूस थांबते कायले? यंदा पुरे तांडे ऊस तोडाले चाल्ले." हे ते इतक्या शांतपणे बोलले, जणू पाऊसपाण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. मीही तशाच शांतपणे ऐकल्या.

बोरी अरबला उतरले तर बाजाराचा दिवस होता. वांग्यांचे आणि मिरच्यांचे ढीग होते, गिऱ्हाईक बेताचं. तिथे मला वैशाली सिस्टर घ्यायला आल्या. त्या उपकेंद्राच्या नर्स, जवळच्याच गावच्या. माणूस हसतमुख, चाल मात्र अशी की मला मागून जवळजवळ पळावं लागलं. वाटेत ऑटोमध्ये त्यांनी कामाचं सांगितलं. लशी आणणारी भाड्याची गाडी सरकारनं खर्च कपातीत बंद केली. मोठ्या दवाखान्यात लशी गार ठेवायच्या खोलीवर माणूस एकच उरला, तो दुपारनंतर दुसऱ्या केंद्रावर जातो. पगार उशिरा होतो.

"मग लस तांड्यावर येते कशी?" मी विचारलं.

"तांड्यावरचाच रामसिंग आणते. रोज सकाळी तिकडंच दूध घालाले जाते ना, येतानी पोटाशी लशीची पेटी बांधून आणते. अजून एकबी खेप चुकली नाई त्याची."

तांडा टेकडीच्या कुशीत, सागाच्या विरळ जंगलाला लागून होता. पहिल्यांदा दिसला तो घरांसमोर उभा असलेला ट्रक. त्यात भांडी, गोधड्या, पाण्याची पिंपं आणि दोन शेळ्या चढल्या होत्या. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम खाली उभा राहून "चला, चला" करत होता. त्याच्या ओरडण्याकडे कुणी फारसं लक्ष देत नव्हतं.

आम्ही धनीबाईंच्या ओट्यावर बसलो. धनीबाई म्हणजे या तांड्यातल्या सगळ्यांची याडी (आई). हातभर पांढरी बलोयी (बांगड्या), कपाळावर गोंदण, आवाज खणखणीत. "आ, बेस" (ये, बस) म्हणून त्यांनी माझ्यापुढे बाटी (ज्वारीची भाकर) आणि अंबाडीची भाजी ठेवली. सोबत ठेचा होता. पुण्याच्या जिभेनं तो बेतानं खावा, हे कळेपर्यंत फार उशीर झाला होता. माझ्या डोळ्यांतलं पाणी पाहून त्या मनमुराद हसल्या.

त्यांची सून पूजा ट्रकमध्ये आधीच चढून बसली होती, मांडीवर दीड महिन्याची मुलगी. तिला खाली बोलवा, म्हणजे सगळे सोबत जेवू, असं मी सुचवलं. धनीबाईंनी कानाला हात लावला.

"नाई बाई. लदेणी एकदा लादली का उतरवत नाई."

मग त्यांनी समजावून सांगितलं. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुखभर फिरायचे, तो लादलेला काफिला म्हणजे लदेणी. लादलेलं ओझं मुक्कामाच्या आधी भुईला टेकलं, तर तो अपशकुन. त्या दिवशी तांडा जागचा हलायचा नाही, दुसऱ्या दिवशी तांबडं फुटल्यावरच निघायचा. बैल गेले, ट्रक आला, रीत तीच राहिली. म्हणून पूजाच्या मुलीला टोचायचंही ट्रकमध्ये चढूनच, असं सिस्टरांनी आधीच ठरवलं होतं.

या टोचण्यासाठी ट्रक खोळंबला होता. मागच्या हंगामात धनीबाईंचा थोरला मुलगा असाच ऊसतोडीला गेला, लेकराची लस राहून गेली. कोपीत (उसाच्या पाचटाच्या झोपडीत) त्या नातवाला डांग्या खोकला झाला आणि तो गेला. एवढं सांगताना त्या ट्रककडे बघत होत्या, माझ्याकडे नाही.

तेवढ्यात रामसिंगची मोटरसायकल आली. उंच, मिशाळ माणूस, पोटाशी घट्ट बांधलेली निळी पेटी. त्यानंही ती वाटेत कुठेच टेकवली नव्हती. थेट सिस्टरांच्या हातात दिली. त्यांनी झाकण उघडलं आणि त्यांचा हसरा चेहरा एकदम उतरला. त्यांनी एक बाटली उजेडात धरली. आत बर्फाचा गोळा होता.

"रामसिंगभाऊ, काय टाकलं ह्याच्यात?"

"बर्फ टाकला ना जास्तीचा. ऊन तापून राह्यलं म्हून. वरून मीठ टाकलं." रामसिंग अभिमानानं म्हणाला. "मी कुल्फी इकत होतो पयले. मीठ टाकलं का बर्फ दम धरते."

दम चांगलाच धरला होता. ही लस गार ठेवायची असते, गोठवायची नसते. गोठली की वाया गेली. सिस्टरांनी त्याला हे दोन वाक्यांत सांगितलं, आवाज न चढवता. त्यानं बाटली हातात घेऊन दोनदा हलवून पाहिली. ज्या आजे-पणजांनी मिठाच्या गोण्यांना कधी ओलावा लागू दिला नाही, त्यांच्या नातवानं ओझं जिवापाड जपून आणलं आणि जपण्यापायीच नासवलं. मला त्याचं फार वाईट वाटलं.

"मी आत्ता जातो, दुसरी आणतो," तो म्हणाला.

"खोलीला कुलूप लागलं असंन. आता उद्या सकाळीच."

मुकादमानं हे ऐकलं आणि त्याला निमित्तच मिळालं. "उद्या कशाचं? कारखान्यावर मला काय उत्तर द्यायचं? तिकडं कुठंतरी टोचून घेतील." त्यानं ड्रायव्हरला खूण केली. इंजिन सुरू झालं. सिस्टर ट्रकपुढे जाऊन उभ्या राहिल्या, तर तो हसला. "बाजूला व्हा ताई, उगा तमाशा नको."

धनीबाई ओट्यावरून उठल्या. सावकाश ट्रकच्या मागे गेल्या, हात वर करून सुनेला म्हणाल्या, "गाठोडं दे." पूजानं दिलं. त्यांनी ते डोक्यावर घेतलं, चार पावलं चालल्या आणि सगळ्यांच्या देखत भुईवर ठेवलं.

मग ट्रकमधून एकेक माणूस उतरायला लागलं. बायका उतरल्या, पिंपं उतरली, शेळ्याही उतरल्या. मुकादम हातवारे करत इकडून तिकडे फिरला. पण अपशकुन झालेल्या दिवशी तांडा हलत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं, आणि रिकामा ट्रक नेऊन त्याला काय मिळणार? शेवटी ड्रायव्हरनंच इंजिन बंद केलं आणि बाटी मागितली.

"आता हा अपशकुन तुमच्या माथी की हो," मी धनीबाईंना म्हटलं.

"असू दे. येवढं वझं माह्या डोक्शाले जड नाई."

माझा मुक्काम सिस्टरांकडे झाला. सकाळी रामसिंग नवी पेटी घेऊन आला. काहीही न टाकता आणलंय, हे त्यानं वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला सांगितलं असावं. बाटलीतलं औषध पातळ होतं. पोरीला टोचलं, तिनं तांडा डोक्यावर घेतला, आणि धनीबाईंनी गाठोडं उचलून पुन्हा ट्रकमध्ये दिलं. निघताना पूजानं सिस्टरांना विचारलं, "म्हैन्यानं दुसरा डोस हाय म्हनता. तिथं कोन देईन?"

सिस्टरांनी कार्डावर स्वतःचा फोन लिहून दिला. "तिथल्या दवाखान्यात हे कार्ड दाखव. नाई आयकलं तं मले फोन लाव." याहून जास्त त्यांच्याही हातात नव्हतं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

ट्रक हलला तशा धनीबाई सोबत चालू लागल्या आणि गोरबोलीत (बंजारांच्या बोलीत) सुनेला काहीतरी ओरडून सांगत राहिल्या. पूजा मान डोलवत होती.

परतताना रामसिंगनं मला बोरी अरबपर्यंत सोडलं. रिकामी पेटी माझ्या मांडीवर होती. याडी काय ओरडत होत्या, ते मी त्याला विचारलं.

"डोसाच्या दिशी मुकादमानं सोडलं नाई, तं तिथं बी गाठोडं खाली ठेव म्हने."

कालचा बाजार उठला होता. मी गाडीवरून उतरले आणि त्याला पेट्रोलचे पैसे द्यायला, पर्स काढायला पेटी खाली ठेवू लागले. मग थांबले. पेटी रिकामी होती, खाली ठेवली असती तरी काही बिघडणार नव्हतं. तरीही तो गाडी बाजूला लावून येईपर्यंत मी ती हातातच धरून उभी राहिले.