आमदभाचं उघडं तोंड

आमच्या गावात आमदभा लुहाराशी गोड बोललेला माणूस मी पाहिलेला नाही. तोही कुणाशी गोड बोलत नाही, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. पण गुरांच्या घंटा घडवाव्यात त्यानेच. मान वाकवून, दात करकचून आवळून, घंटेच्या काठावर हातोडी ठोकत तो सूर लावायचा, आणि गुरं राखणारे रबारी त्या सुरावर अंधारातही आपली म्हैस ओळखायचे.

यंदा मात्र वंकाभाई रबारीने घंटांचं पोतं त्याच्या दारात ओतलं.

"घंटा आहेत की डबडी? म्हशी वळूनसुद्धा बघत नाहीत. आता मुसाकडे जातो मी."

मुसा म्हणजे आमदभाचा सख्खा भाऊ आणि सख्खा वैरी. वंकाभाई तिकडे गेला असता, तर मागोमाग सगळे रबारी गेले असते. आमदभा म्हणाला, सूर ठीक आहे, म्हशींचेच कान गेलेत.

त्याची बायको जेनाबाई चुलीपासून उठली. तिने एक घंटा वाजवली आणि आमदभाच्या कानाशी धरली. त्याने मान वाकवली, दात आवळले.

"किणकिणतेय अजून. वरचा सूर काढायला हवा," म्हणत त्याने हातोडी उचलली.

"मी ती केव्हाची मुठीत दाबून धरलीय," जेनाबाई म्हणाली. "किणकिणतंय ते तुमचं डोकं."

आयुष्यभराच्या ठोकाठोकीने आमदभाच्या कानात अलीकडे एक आवाज कायमचा मुक्कामाला आला होता. जबडा आवळला, मान वाकवली की तो चढतो, हे भूजच्या डॉक्टरने सांगितलंही होतं. घरी येऊन आमदभाने डॉक्टरला गाढव ठरवलं होतं. आणि तोच चढलेला आवाज घंटेचा समजून तो एकेक घंटा ठोकून ठोकून बद्द करत होता.

मग जेनाबाईने फर्मावलं, मान ताठ, जबडा सैल. आमदभा आ वासून कामाला बसला. अशी संधी वंकाभाई सोडतो थोडाच! त्याने आमदभाच्या कानांपासून आजोबांपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. आमदभाचे डोळे लाल झाले, पण उत्तर देताना रागाने दात आवळले की सूर हातचा जाणार. ओठावर माशी बसली, तीही त्याने सोसली.

वंकाभाईने तयार घंटा हलवून पाहिली. पुन्हा हलवली.

"मुसाकडे नाही नेत," तो म्हणाला. "बाकीच्याही अशाच कर. मी बसतो इथे." आणि जेनाबाईकडे चहा मागून त्याने आमदभाच्या सासुरवाडीला हात घातला.