फूल पडेपर्यंत

धारूरच्या घाटात तो मला एकदाच भेटला. बायकोच्या गाठीचा रिपोर्ट बीडला तयार होता, पण दवाखान्यात फोन लावायचा मला धीर होईना. म्हणून मोटारसायकल लावून बिरोबाच्या देवळापुढं बसलो होतो.

तो आला, खांद्यावर घोंगडं. त्याची गाभण मेंढी सकाळपासून सापडत नव्हती. त्यानं देवाच्या दोन्ही खांद्यांना पाण्यानं एकेक फूल चिकटवलं. उजवं पडलं तर मेंढी किल्ल्याकडं, डावं पडलं तर ओढ्याकडं. वारा लागू नये म्हणून घोंगड्याचा आडोसा धरून तो पापणी न हलवता बसला.

मी जरा चिडूनच विचारलं, "अन् कौल खोटा निघाला तर?"

"उजवं पडू का डावं, पर पडाया पायजे. निसतं चिकटून ऱ्हायलं तर मानसानं जावं कुटं?"

मी इंग्रजी शिकवतो. 'चान्स' या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या 'पडणे' या क्रियापदात आहे, फासा पडेल तसा चान्स, हे दरवर्षी वर्गात सांगतो. सांगतो आणि पुढचा धडा घेतो.

डावं फूल पडलं. तो देवाच्या पाया पडून झपाझप ओढ्याकडं उतरला. थोड्या वेळानं खालून हाक आली, "घावली ओ पाव्हणं! कोकरू बी झालं!"

मग मी फोन लावला.

"साधी गाठ आहे, काळजीचं काही नाही," पलीकडून बाई म्हणाल्या.

उजव्या खांद्यावरचं फूल अजून चिकटूनच होतं. मी ते हातानंच काढून देवाच्या पायाशी ठेवलं.